उपयोजित गणित, संख्याशास्त्र की आणखी काही? पदवी निवडण्याची पद्धत, टप्प्याटप्प्यानं

पदवीच्या नावावरून पदवी निवडणं ही या क्षेत्रातली सगळ्यात महागात पडणारी चूक. उपयोजित गणित, संख्याशास्त्र, गणित आणि संगणन, डेटा सायन्स, अ‍ॅक्चुअरिअल सायन्स ही नावं कानाला वेगवेगळी लागतात. पण एका विद्यापीठातलं उपयोजित गणित दुसरीकडच्या संख्याशास्त्राच्या बरंच जवळचं असू शकतं, आणि एकाच नावाच्या दोन पदव्यांत फरक इतका असतो की दोन विद्यार्थी शेवटच्या वर्षी एकमेकांच्या प्रश्नपत्रिका वाचूही शकत नाहीत.

मी संख्याशास्त्र शिकवते. दर वर्षी शेवटच्या वर्षाची कुणीतरी मुलगी किंवा मुलगा माझ्याकडे येतो आणि विचारतो, "मॅडम, पुढे संशोधनाकडे जायचंय, पण रिअल अ‍ॅनॅलिसिस घेतलंच नाही. आता काय करू?" रिअल अ‍ॅनॅलिसिस म्हणजे कॅल्क्युलसचा पाया सिद्धतांसह तपासणारा विषय. मूल हुशार असतं, मेहनतीही असतं. त्याचं चुकलेलं असतं ते दुसऱ्या सेमिस्टरला, आणि तेव्हा त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. त्या मुलांसाठी हा लेख आहे. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. बहुतेक जण थेट दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

तयारी: काय जवळ हवं

एक वही, ज्या पदव्यांचा विचार करताय त्यांचे सविस्तर अभ्यासक्रम, आणि साधारण दोन आठवड्यांचा निवांत वेळ. सविस्तर अभ्यासक्रम म्हणजे माहितीपत्रक नव्हे. माहितीपत्रकात विषयांची नावं असतात. आपल्याला हवा तो सेमिस्टरनिहाय दस्तऐवज, ज्यात प्रत्येक विषयाचे घटक, क्रेडिट आणि पूर्वअटी छापलेल्या असतात. सोबत गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर फार उत्तम. घटकांच्या यादीत काय लिहिलंय त्यापेक्षा परीक्षेत काय विचारलंय त्यावरून त्या विभागाचा स्वभाव कळतो.

टप्पा १: आधी स्वतःचं गणित तपासा

शाळेतले गुण इथे फार कमी सांगतात, कारण शाळेत बहुतेक वेळा ओळखीचं गणित किती झपाट्यानं सुटतं हे मोजलं जातं. पदवीला एकाच गणिताशी दोन-दोन तास बसावं लागतं. म्हणून पुढचे चार प्रश्न पुस्तक बंद करून, तासाभरात सोडवा.

१. एखाद्या वेड्यावाकड्या वक्राचा आलेख काढा. सूत्र न वापरता, फक्त चढ-उतार पाहून, त्याखाली त्याच्या डेरिव्हेटिव्हचा आलेख काढा.

२. दोन फासे टाकले. बेरीज ७ पेक्षा जास्त येण्याची संभाव्यता किती? आता कुणी सांगितलं की पहिल्या फाशावर सम संख्या आली आहे. मग तीच संभाव्यता किती होईल?

३. तीन अज्ञातांची तीन रेषीय समीकरणं आहेत. त्यांना उत्तरच नाही असं केव्हा होतं, आणि असंख्य उत्तरं केव्हा निघतात? आकडेमोड करू नका, वाक्यांत लिहा.

४. एखाद्या पूर्णांकाचा वर्ग सम असेल तर तो पूर्णांकही समच असतो, हे सिद्ध करा. उदाहरणं देऊन भागणार नाही.

दुसऱ्याची उत्तरं अनुक्रमे ५/१२ आणि १/२. ती चुकली तरी घाबरू नका. सशर्त संभाव्यता पहिल्यांदा बहुतेकांना चकवते, आणि शिकली की येते. मी सगळ्यात जास्त लक्ष चौथ्याकडे देते. तो सुटला नाही तरी चालेल, पण त्याच्याशी झटताना कसं वाटलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा. मजा आली असेल तर सिद्धतांवर भर देणारा अभ्यासक्रम तुम्हाला मानवेल. "हे कशाला सिद्ध करायचं, दिसतंच आहे की" असं वाटलं असेल, तर संगणन आणि मॉडेलिंगकडे झुकणारा अभ्यासक्रम पाहा. त्यात कमीपणा काही नाही. मात्र सिद्धता पूर्णपणे टाळता येईल अशी या क्षेत्रातली चांगली पदवी मी तरी पाहिलेली नाही.

*खूण:* चारपैकी दोन प्रश्नांना हातच घालता आला नाही, तर पदवी सुरू होण्याआधी दोन महिने फलनं, लॉगॅरिदम आणि डेरिव्हेटिव्ह यांची उजळणी करा. पहिल्या सेमिस्टरला गळणाऱ्यांचा कच्चेपणा बहुधा कॅल्क्युलसच्याही आधीच्या बीजगणितात असतो.

टप्पा २: पर्यायांची घराणी ओळखा

आता नावं पाहू, पण प्रत्येक नावामागचा मूळ प्रश्न काय ते धरून.

उपयोजित गणिताचा प्रश्न असतो: ही यंत्रणा चालते कशी, आणि ती समीकरणात कशी मांडायची? गाभ्याला डिफरन्शियल इक्वेशन्स (बदलाच्या वेगाची समीकरणं), न्यूमेरिकल अ‍ॅनॅलिसिस (संगणकानं जवळपासची उत्तरं काढणं), ऑप्टिमायझेशन (सर्वात चांगला पर्याय शोधणं) आणि मॅथेमॅटिकल मॉडेलिंग.

संख्याशास्त्राचा प्रश्न वेगळा आहे: हाती आलेली माहिती थोडी आहे, सदोष आहे, तर तिच्यावरून काय म्हणता येईल आणि किती खात्रीनं? गाभ्याला संभाव्यता, अनुमानशास्त्र (नमुन्यावरून निष्कर्ष काढणं), रिग्रेशन (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधणारी रेषा किंवा समीकरण), सॅम्पलिंग (नमुना निवडणं) आणि प्रयोगांची आखणी. शेवटचे दोन विषय कोरडे वाटतात म्हणून मुलं टाळतात. माझ्या मते संख्याशास्त्रज्ञाला इतरांपासून वेगळं काढणारे विषय हेच, कारण माहिती कशी गोळा केली यातली चूक नंतर कितीही भारी मॉडेल लावून निस्तरता येत नाही.

गणित-संख्याशास्त्र अशी संयुक्त पदवी ज्यांचं मन अजून पक्कं झालेलं नाही त्यांच्यासाठी उत्तम. धोका एकच, दोन्ही बाजू वरवरच्या राहण्याचा. रिअल अ‍ॅनॅलिसिस आणि गणिती संख्याशास्त्र हे दोन्ही विषय त्यात सक्तीचे आहेत का, एवढं पाहिलं की तो धोका ओळखता येतो.

ऑपरेशन्स रिसर्च म्हणजे मर्यादित साधनांत सर्वात चांगला निर्णय कसा घ्यायचा याचा अभ्यास. लिनिअर प्रोग्रॅमिंग, रांगांचा सिद्धांत, सिम्युलेशन असे विषय त्यात येतात. बऱ्याच ठिकाणी ही स्वतंत्र पदवी नसते, गणिताच्या किंवा संख्याशास्त्राच्या पोटातच सापडते.

अ‍ॅक्चुअरिअल सायन्सबद्दल, म्हणजे विमा आणि पेन्शनमधली जोखीम मोजण्याच्या शास्त्राबद्दल, गैरसमज फार आहेत. पदवी मिळाली म्हणून कुणी अ‍ॅक्चुअरी होत नाही. त्यासाठी व्यावसायिक संस्थांच्या परीक्षा द्याव्या लागतात. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ अ‍ॅक्चुअरीजच्या सुरुवातीच्या परीक्षांत 'पी' म्हणजे संभाव्यता आणि 'एफएम' म्हणजे वित्तीय गणित या दोन येतात. ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्चुअरीजकडे 'सीएस१', 'सीएम१' अशा नावांच्या परीक्षा आहेत. काही विद्यापीठांच्या पदव्यांना या परीक्षांतून काही विषयांची सूट मिळते. ती कोणत्या विषयांची आणि किती गुणांवर, हे लेखी पाहिल्याशिवाय त्या जाहिरातीवर विसंबू नका. साध्या संख्याशास्त्राच्या पदवीतूनही हा रस्ता मोकळाच राहतो.

डेटा सायन्स या नावाखाली सध्या सगळ्यात जास्त तफावत आहे. काही ठिकाणी ती भक्कम संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र यांची जोड असते. काही ठिकाणी सॉफ्टवेअरची साधनं एकामागून एक शिकवली जातात आणि संभाव्यतेचा एकच विषय असतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१४ साली संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यांत डेटा हाताळण्याची कौशल्यं, खऱ्या प्रश्नांवरचं काम, मॉडेल्सची विविधता आणि निष्कर्ष समजावून सांगण्याची क्षमता यांवर भर आहे. म्हणजे ज्या गोष्टींसाठी मुलं डेटा सायन्सकडे धाव घेतात, त्या चांगल्या संख्याशास्त्राच्या पदवीतही असायलाच हव्यात.

जैवसंख्याशास्त्र आणि अर्थमिती (अर्थशास्त्रातल्या आकडेवारीचा अभ्यास) हे बहुतेक ठिकाणी पदवीच्या पातळीवर मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून किंवा ऐच्छिक विषय म्हणून येतात.

*इथे चुकतं:* या टप्प्यावर निर्णय घेऊ नका. आत्ता फक्त दोन किंवा तीन घराणी वहीत लिहा.

टप्पा ३: गरम पाण्याची चाचणी

कोणत्या प्रश्नात आपलं मन रमतं हे विचार करून कळत नाही, करून पाहिल्यावर कळतं. त्यासाठी मी मुलांना हा प्रयोग देते. एका दुपारचं काम आहे.

एक कप गरम पाणी, थर्मामीटर आणि घड्याळ घ्या. खोलीचं तापमान आधी नोंदवा. मग दर दोन मिनिटांनी पाण्याचं तापमान लिहा, ३० मिनिटं. सुरुवातीची धरून १६ नोंदी होतील.

न्यूटनचा नियम सांगतो की थंड होण्याचा वेग हा पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. समजा खोली २५ अंशांवर आहे आणि पाणी ८० वर, म्हणजे फरक ५५. दहा मिनिटांनी पाणी ६५ वर आलं, म्हणजे फरक ४०. ५५ ला ४० नं भागून आलेल्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम साधारण ०.३१८. त्याला १० मिनिटांनी भागलं की थंड होण्याचा स्थिरांक दर मिनिटाला सुमारे ०.०३२ मिळतो. तो वापरून ३० व्या मिनिटाचं तापमान काढलं तर साधारण ४६ अंश येतं. आता तुमच्या वहीतला खरा आकडा पाहा. तो बहुधा जुळणार नाही. इथून पुढे तुम्ही कुठे वळता तेच पाहायचं आहे.

"का जुळलं नाही? सुरुवातीला वाफ होत होती, तिनं जास्त उष्णता नेली असेल. कपावर झाकण ठेवून पुन्हा करू, समीकरणात बाष्पीभवनाची संज्ञा घालून पाहू," असं मनात आलं, तर तो उपयोजित गणिताचा ओढा आहे.

"एका नोंदीवरून स्थिरांक काढलाच कशाला? सगळ्या १६ वापरू. आणि थर्मामीटर वाचताना माझी एका अंशाची चूक होत असेल तर या स्थिरांकावर किती विश्वास ठेवायचा?" असं वाटलं, तर संख्याशास्त्र तुम्हाला बोलावतंय. त्यातली एक बारकी गोष्ट दाखवते. फरकाचा लॉगॅरिदम काढून तो वेळेसमोर मांडला तर ठिपके जवळजवळ सरळ रेषेत येतात, आणि त्या रेषेच्या उतारावरून स्थिरांक मिळतो. पण फरक ४० असताना एका अंशाची चूक झाली तर लॉगॅरिदम जेमतेम ०.०२५ नं हलतो. अर्ध्या तासानंतरही मोजत राहिलात, पाणी जवळपास गार झालं, फरक २ उरला, आणि तिथे एक अंश कमी वाचला, तर तो ०.६९ नं हलतो. म्हणजे शेवटच्या नोंदी सरळ रेषेला भलतीकडे ओढू शकतात. सगळ्या नोंदींना सारखं वजन द्यायचं का, हा प्रश्न तुम्हाला आपणहून सुचला, तर मी तुम्हाला माझ्या वर्गात आनंदानं घेईन.

तिसरा एक ओढा असतो: "हे सगळं हातानं का करतोय? प्रोग्रॅम लिहू, हजार कपांचं सिम्युलेशन करू." मग गणित आणि संगणन किंवा डेटा सायन्सकडे पाहा.

*खूण:* तिन्हीत रस वाटला तर छानच, संयुक्त पदवी यादीत वर घ्या. एकातही वाटला नाही, तर एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावर १८.०३, १८.०५ आणि १८.०६ या क्रमांकांचे विषय आहेत: अनुक्रमे डिफरन्शियल इक्वेशन्स, संभाव्यता-संख्याशास्त्राची ओळख आणि लिनिअर अल्जिब्रा. तिन्हींचा एकेक गृहपाठ विनामूल्य मिळतो. तो सोडवायला बसा. व्याख्यानं नुसती पाहू नका. चांगला शिक्षक बोलत असताना सगळंच आवडतं.

टप्पा ४: अभ्यासक्रम ओळ न ओळ वाचा

वहीच्या आडव्या पानावर तक्ता आखा. रकाने: विषय, सेमिस्टर, पूर्वअट, सक्तीचा की ऐच्छिक, आणि परीक्षेचं स्वरूप. प्रत्येक पदवीसाठी एक पान. हे काम कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्या कुणी तयार केलेल्या तक्त्यावर विसंबू नका. लिहिताना ज्या गोष्टी नजरेत भरतात त्या वाचताना सुटतात.

तक्ता भरताना काही गोष्टी शोधा.

लिनिअर अल्जिब्रा दोनदा आहे का? पहिल्यांदा मॅट्रिक्स आणि समीकरणं, दुसऱ्यांदा व्हेक्टर स्पेस आणि सिद्धता. या क्षेत्रात सगळ्यात जास्त वापरला जाणारा विषय हाच. जिथे तो एकाच सेमिस्टरमध्ये उरकलाय, तिथे पुढचं, अनेक चलं एकत्र अभ्यासणारं, मल्टिव्हेरिएट अ‍ॅनॅलिसिस पाठांतरावर जाणार.

न्यूमेरिकल अ‍ॅनॅलिसिसमध्ये चुकांचा अभ्यास आहे का? संगणकावर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक भाषांत ०.३०००००००००००००००४ अशी येते. हे का होतं आणि ही इवलीशी चूक कधी फुगत जाते, हे शिकवणारा विषय हवा. रिग्रेशनचंच घ्या. पाठ्यपुस्तकातलं नॉर्मल इक्वेशन्सचं सूत्र जसंच्या तसं संगणकावर चालवलं तर कंडिशन नंबरचा, म्हणजे छोटी चूक उत्तरात किती फुगू शकते ते सांगणाऱ्या आकड्याचा, वर्ग होतो. म्हणून चांगली सॉफ्टवेअर ते सूत्र टाळून क्यूआर ही मॅट्रिक्सचे दोन सोपे भाग पाडणारी पद्धत वापरतात. गणित आणि संख्याशास्त्र एकमेकांत किती गुंतलेली आहेत याचं यापेक्षा सोपं उदाहरण मला माहीत नाही.

संख्याशास्त्राच्या पहिल्या विषयात आलेख आणि खरा डेटा आहे का, की फक्त सूत्रं? प्रश्नपत्रिका काढून पाहा. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोंब यांनी १९७३ साली चार छोटे डेटासंच दिले, प्रत्येकात ११ बिंदू. चारही संचांत एक्सची सरासरी ९, वायची साधारण ७.५, सहसंबंध सुमारे ०.८१६, आणि रिग्रेशनची रेषाही एकच: ३ अधिक एक्सच्या निम्मं. आलेख काढला की मात्र एक संच सरळ रेषेच्या आसपास विखुरलेला, दुसरा वक्र, तिसऱ्यात एकच बिंदू रेषा बिघडवणारा, आणि चौथ्यात एक सोडून बाकी सगळे बिंदू एकाच उभ्या ओळीत. ज्या अभ्यासक्रमात तीन वर्षं नुसती सरासरी आणि सहसंबंध काढायला लावतात, तिथल्या विद्यार्थ्याला हे चार संच एकसारखेच वाटतील.

प्रोग्रॅमिंग कितव्या सेमिस्टरला येतं? शेवटच्या वर्षी येत असेल तर त्याचा बाकी विषयांना उपयोग होत नाही. पहिल्या वर्षी असायला हवं.

*इथे चुकतं:* ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी पाहून मुलं हरखतात. यादीतले सगळे विषय दर वर्षी शिकवले जातातच असं नाही. गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष कोणते शिकवले, तेवढेच तक्त्यात लिहा.

टप्पा ५: शेवटापासून मागे मोजा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे आणि तोच हमखास गाळला जातो. शेवटच्या वर्षी तुम्हाला घ्यायला आवडेल असा एक विषय निवडा आणि त्याच्या पूर्वअटी मागे-मागे लिहीत जा, पार पहिल्या सेमिस्टरपर्यंत.

उदाहरणादाखल जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल्स, म्हणजे रिग्रेशनचं विस्तारित रूप, घेऊ. त्याला मॅक्झिमम लाइकलीहुड (हाती आलेल्या डेटाशी सर्वात जुळणारे आकडे शोधण्याची पद्धत) समजलेलं हवं, म्हणजे आधी गणिती संख्याशास्त्र. त्याला आधी संभाव्यता हवी. संभाव्यतेत दोन यादृच्छिक चलांची एकत्रित घनता आली की दुहेरी इंटिग्रेशन लागतं, म्हणजे आधी बहुचल कॅल्क्युलस. त्याआधी कॅल्क्युलसचा दुसरा भाग, आणि त्याआधी पहिला. मोजा: एकूण सहा विषय, आणि प्रत्येक पुढचा आधीच्यावर उभा. शिवाय शेजारून लिनिअर अल्जिब्रा आणि रिग्रेशनची दुसरी साखळी येऊन मिळते.

तीन वर्षांच्या पदवीत सेमिस्टर सहाच असतात. म्हणजे या साखळीत उसंत शून्य. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस घेतलं नाही, की शेवटचा विषय हातचा गेला. चार वर्षांच्या पदवीत आठ सेमिस्टर असतात, म्हणजे दोनाची उसंत. पण त्यातही एक मेख आहे. विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर एकदा नापास झाल्यावर किंवा तो चुकल्यावर एक नव्हे, दोन सेमिस्टर मागे पडता. सगळी उसंत एका झटक्यात संपते.

म्हणून साखळीतल्या प्रत्येक विषयापुढे लिहा: "दर सेमिस्टरला" की "वर्षातून एकदा". वर्षातून एकदा येणाऱ्या विषयांना लाल शाईनं घेरा. त्या सेमिस्टरला दुसरा कोणताही जड विषय जोडीला घेऊ नका. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी चाचणी देऊन कॅल्क्युलसचा पहिला भाग वगळता येतो. पाया खरंच पक्का असेल तरच ती सवलत घ्या. बहुचल कॅल्क्युलसमध्ये बुडालेली बरीच मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांनी पहिला भाग वगळलेला होता.

*खूण:* तुमच्या पानावरची सर्वात लांब साखळी एकूण सेमिस्टरांपेक्षा निदान एकानं लहान आहे का? नसेल तर एक तर तो शेवटचा विषय सोडा, किंवा दुसरी पदवी पाहा.

टप्पा ६: पदवीनंतरच्या वाटा आणि त्यांची किंमत

इथे थोडक्यात सांगते, कारण मागचा टप्पा नीट केला असेल तर हे सोपं आहे. फक्त तुमच्या वाटेचे विषय तक्त्यात आहेत का ते ताडून पाहा.

संख्याशास्त्रात पीएचडीचा विचार असेल तर बहुचल कॅल्क्युलस, सिद्धतांसह लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता, गणिती संख्याशास्त्र आणि रिअल अ‍ॅनॅलिसिस. शेवटचा विषय पदवीला सक्तीचा नसेल तरी आपणहून घ्या. उपयोजित गणितात पुढे जायचं तर त्यात पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स (एकाहून जास्त चलांवर अवलंबून बदलणाऱ्या राशींची समीकरणं) आणि न्यूमेरिकल अ‍ॅनॅलिसिसची भर. डेटाच्या नोकरीसाठी रिग्रेशन, प्रोग्रॅमिंग, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेला एक तरी प्रकल्प. औषधांच्या चाचण्यांकडे वळायचं असेल तर प्रयोगांची आखणी आणि एखादी घटना घडेपर्यंतचा काळ अभ्यासणारं सर्व्हायव्हल अ‍ॅनॅलिसिस. वित्तीय मॉडेलिंगसाठी स्टोकॅस्टिक प्रोसेसेस (काळासोबत यादृच्छिकपणे बदलणाऱ्या राशींचा अभ्यास). अ‍ॅक्चुअरी व्हायचं असेल तर पदवी चालू असतानाच पहिल्या एक-दोन व्यावसायिक परीक्षा द्या. संभाव्यतेचा विषय नुकताच झालेला असतो तेव्हाच ती परीक्षा सोपी जाते.

वाट ठरलेली नसेल तर रिअल अ‍ॅनॅलिसिस आणि रिग्रेशन हे दोन विषय काही झालं तरी घ्या. पुढे वाट बदलली तरी हे दोन वाया जात नाहीत.

टप्पा ७: विभागाला विचारायचे प्रश्न

आता यादीत दोन पदव्या उरल्या असतील. विभागाशी संपर्क साधा, शक्य झाल्यास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशीही बोला. "तुमच्याकडे कसं शिकवतात?" असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघमच मिळेल. नेमकं विचारा:

- रिअल अ‍ॅनॅलिसिस आणि स्टोकॅस्टिक प्रोसेसेस शेवटचे कधी शिकवले गेले?
- आठवड्याला किती गृहपाठ असतो आणि तो तपासून परत मिळतो का?
- शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पाला डेटा कुठून येतो?
- उपयोजित गणितातून संख्याशास्त्रात किंवा उलट बदली करता येते का, आणि कितव्या सेमिस्टरपर्यंत?

तपासून परत मिळालेला गृहपाठ मी सगळ्यात वर ठेवते. सिद्धता लिहायला शिकण्याचा दुसरा मार्ग नाही. कुणीतरी तुमच्या ओळीखाली रेघ मारून "हे कशावरून?" असं लिहावंच लागतं. ज्या विभागात हे होतं त्याच्या इमारतीकडे किंवा नावाकडे पाहू नका, तिथे जा.

*इथे चुकतं:* पालक बोलतात आणि मूल ऐकत उभं राहतं. प्रश्न शिकणाऱ्यानंच विचारावेत. उत्तरातला कोणता शब्द कळला नाही हे त्यालाच समजणार असतं.

टप्पा ८: पहिली दोन सेमिस्टर

प्रवेश झाला. आता घाई करू नका. पहिल्या सेमिस्टरलाच मशीन लर्निंगचे ऑनलाइन कोर्स सुरू करण्याची लाट आहे. कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा कच्चं असताना ते केलं, तर कोड चालतो पण का चालतो हे कळत नाही, आणि मुख्य विषयांचा वेळही जातो.

भाषा एकच शिका, आर किंवा पायथन, जी विभागात वापरतात ती. दुसरी नंतर महिनाभरात येते. पहिला सराव म्हणून हे करा. २३ जणांच्या गटात निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची संभाव्यता हातानं काढा; ती साधारण ०.५०७ येते. मग तोच गट संगणकावर १०,००० वेळा तयार करून मोजा. तुमचं उत्तर बहुतेक वेळा ०.४९७ आणि ०.५१७ यांच्या दरम्यान पडेल. आता वेळा वाढवून १० लाख करा आणि हा पट्टा किती अरुंद होतो ते आधी अंदाजानं लिहा, मग पाहा. तो दहा पटींनी अरुंद होईल, शंभर पटींनी नाही. असं का होतं हे स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं, की संख्याशास्त्राचा पहिला महत्त्वाचा धडा झाला.

गृहपाठ लाटेकमध्ये (गणिताची सूत्रं नीट छापणारी संगणक-प्रणाली) लिहायची सवय पहिल्या वर्षीच लावून घ्या. आणि सिद्धता एकट्यानं करून मग मित्राला समजावून सांगा. क्रम उलटा झाला तर आपल्याला आलं असा भास होतो.

दुसऱ्या सेमिस्टरच्या अखेरीस टप्पा ५ चं पान पुन्हा काढा. झालेल्या विषयांवर खूण करा, लाल घेरातला एखादा विषय सुटला असेल तर साखळी नव्यानं आखा, आणि शाखा बदलायची असेल तर त्याची शेवटची तारीख पाहा. ही तारीख बहुतेक ठिकाणी निकालाच्या आसपासच येते आणि निकालाच्या गडबडीत निघून जाते. ती प्रवेश घेतलात त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.